विमानं मोजतो, पार्ट कोण मोजतं?

आपल्या नगरला कौतुक रणगाड्यांचं. पाहुणा आला की त्याला आधी रणगाडा संग्रहालय दाखवायचं. समुद्र लांब, त्यामुळे नौदलाच्या विमानांवर मी कधी लिहिलं नव्हतं. पण 28 एप्रिल 2025 ला 26 राफेल मरीनचा करार झाला, साधारण 63 हजार कोटींचा, आणि इथल्या चर्चेत वेग आला, क्षेपणास्त्रं आली. स्पेअर पार्टचं नावही कुणी काढलं नाही. ज्याच्या दारात जुना ट्रॅक्टर उभा आहे, त्याला तरी हा प्रश्न पडायला हवा होता.

म्हणून थोडा इतिहास सांगतो.

विक्रांत 1961 साली नौदलात आली. तिच्यावरची सी हॉक विमानं ब्रिटिश, आणि पुढे त्यांचं उत्पादनच बंद पडलं. 1965 च्या युद्धानंतर पाश्चात्त्य देशांनी शस्त्रं देताना हात आखडता घेतला. तिकडे पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरून बाजूला काढलेली 28 सी हॉक पडून होती. एका जर्मन दलालाने ती कागदावर इटलीला विकली, जहाज मात्र पोचलं भारतात! त्याच दलालाने 90 च्या आसपास सेबर विमानं कागदावर इराणला विकली, ती गेली पाकिस्तानात. दोन्ही घरचा पाहुणा म्हणतात तो हा. 1971 च्या डिसेंबरात विक्रांतवरच्या सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगाव झोडपलं, ते अशा जुन्या-सेकंडहँड ताफ्याच्या जोरावर.

मग सी हॅरियर. पहिली तीन 16 डिसेंबर 1983 ला गोव्यात, दाबोळीला उतरली. जागेवर सरळ खाली उतरणारं विमान, लोकांना जादूच वाटायची. पण 2006 मध्ये ब्रिटनने स्वतःची सी हॅरियर निवृत्त केली आणि जगात ती वापरणारे आपण एकटे उरलो. ब्रिटनची जुनी विमानं घ्यायची बोलणी झाली, पण ती मूळ रडार काढून मिळणार होती, म्हणून व्यवहार फिसकटला. आपण इस्रायली रडार बसवून आहे तीच चालवली. अमेरिकेने मात्र 2011 मध्ये ब्रिटनची 72 हॅरियर (मॉडेल वेगळं) उचलली, ती मुख्यतः पार्ट काढायला. याला म्हणतात हिशोब. 11 मे 2016 ला आपली सी हॅरियर निवृत्त झाली, तेव्हा तिशीच्या ताफ्यातली डझनभरही उरली नव्हती. बरीचशी अपघातांतच गेली होती.

त्यांच्या जागी आलेली मिग-29के नवीकोरी होती, एकूण 45. तरी 2016 चा कॅगचा अहवाल काय सांगतो? एका वेळी उडायला तयार विमानं 15.93 ते 37.63 टक्के. म्हणजे शंभरातली साठहून जास्त जमिनीवरच. दोषांमुळे 40 इंजिनं काढून ठेवावी लागली. त्यात जहाजावर उतरताना हुक तारेत अडकवून विमान काही सेकंदांत थांबवतात. त्या दणक्याने सुटे भाग खिळखिळे होतात, हेही कॅगनेच लिहिलंय.

राफेलच्या करारात देखभालीचं कलम आहे. विमानाचा सांगाडा बनवायची आणि इंजिन दुरुस्तीची सोय भारतात करायची, असंही त्यात आहे. सगळी विमानं 2030 पर्यंत यायची आहेत. ही सोय कुठे, कधी उभी राहते यावर मी तरी नजर ठेवणार आहे. आपल्या एमआयडीसीत सीएनसी मशिनवर उभं राहणाऱ्या पोरांनीही ठेवावी.