मक्तेदाराची पूर्वकीर्ति

आजची कोणतीही सरकारी निविदा उघडून पाहावी. दराचा प्रश्न येण्यापूर्वीं मागील कामांचे दाखले मागितलेले आढळतात. बांधकामखात्याच्या निविदांत बहुधा अशी एक अट असते कीं, अर्जदारानें गेल्या सात वर्षांत अंदाजी खर्चाच्या शेंकडा ८० इतक्या किंमतीचें त्याच जातीचें एक तरी काम, किंवा त्याहून लहान अशीं दोनतीन, पुरीं केलेलीं असावींत. व्यवस्था शहाणपणाची आहे. परंतु असा दाखला नेमका कशाचा असतो? ह्या प्रश्नाची अडचण समजून घेण्यास आपल्या वाचकांस दूर जावें लागत नाहीं. पुण्याची गाडी कर्जत सोडून बोरघाट चढूं लागली, कीं त्याचा इतिहास खिडकीबाहेरच दिसूं लागतो.

१६ एप्रिल १८५३ रोजीं ज्या मार्गावरून मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धांवली, तो २१ मैलांचा मार्ग फॅव्हिएल व फौलर ह्या इंग्रज मक्तेदारांचा. पुढें फौलर प्रकृतीच्या कारणानें निघून गेला. बोरघाटाचें काम निघालें तेव्हां ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीनें तें फॅव्हिएल ह्यासच दिलें. कंपनी नांवाची खासगी. पण तिच्या भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी सरकारची होती व कामावर देखरेखही सरकारी इंजिनिअराची होती. तेव्हां मक्ता फसला तर त्याची झळ शेवटीं खजिन्यास, म्हणजे रयतेस, लागणारच होती.

निवड वरकरणी निर्दोष दिसते. ज्यानें ह्या देशांत पहिला लोहमार्ग बांधून दाखविला, त्याच्याहून अधिक अनुभवी मनुष्य कोठून आणावयाचा? मात्र ठाण्याचा मार्ग सखल प्रदेशांतला, मुंबईच्या हाताशीं असलेला. घाटांत सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट चढावयाचें होतें, पंचवीस बोगदे फोडावयाचे होते आणि हजारों माणसें रानांत आणून त्यांच्या पोटाची सोय लावावयाची होती. ठाण्याच्या दाखल्यांत ह्या शेवटच्या गोष्टीविषयीं कांहींच लिहिलेलें असणें शक्य नव्हतें.

आणि काम बिघडलें तें तेथेंच. मजुरी मक्तेदाराच्या पेटींतून निघून पोटमक्तेदार व मुकादम ह्यांच्या हातांतून खालीं पाझरत असे. मजुराच्या हातीं ती वेळेवर पडेना. जानेवारी १८५९ मध्यें थकलेल्या मजुरीवरून घाटांत दंगा उसळला. त्याची चौकशी झाली, आणि लोहमार्गावरील व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे लवकर तोडण्यासाठीं १८६० चा नववा कायदा करावा लागला. पहार धरणाऱ्या अनाम माणसांनीं मक्तेदाराविषयीं दिलेला हाच काय तो शेरा! फॅव्हिएलनें १८५९ सालींच मक्ता सोडला.

नवा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल आला, आणि येथें पाऊल टाकल्यावर थोड्याच दिवसांत आजारानें वारला. मक्ता त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें पुढें चालविला. तिच्या नांवावर एकही पूर्वीचें काम नव्हतें. आजच्या चाळणींतून तिचा अर्ज पहिल्याच दिवशीं गळला असता. परंतु तिनें कारभार ॲडमसन व क्लाउझर ह्या इंजिनिअरांवर सोंपविला, आणि ह्या दोघांस घाट ठाऊक होता. १८६१ मध्यें कामावर ४२,००० माणसें होतीं. ह्या वर्षांत पटकीनें किती मजूर नेले ह्याची मोजदाद कोणी नीट ठेविली नाहीं. १८६३ मध्यें मार्ग पुरा झाला.

फॅव्हिएलचें पुढें काय झालें, हा भाग मला सर्वांत उद्बोधक वाटतो. त्याच १८६३ सालीं सिलोन सरकारनें कोलंबो ते कँडी ह्या लोहमार्गाचा मक्ता त्यास दिला. येथें आडपडद्याला कंपनी नव्हती. मक्ता थेट सरकारचा होता. ह्या मार्गावरही कडुगन्नावचा घाट आहे, पंचेचाळिसांत एक असा चढ आहे. घाट अर्धा टाकून गेलेल्या माणसास पुन्हां घाटच द्यावा, हें धाडस म्हणावें कीं निष्काळजीपणा? कागदावर नुसतें "अयशस्वी" लिहून विषय मिटविला असता तर त्यास उंबरठाही ओलांडतां आला नसता. पण १८६७ मध्यें गाडी कँडीस पोहोंचली. ठाण्याच्या यशानें जें शिकविलें नव्हतें, तें बोरघाटाच्या अपयशानें त्यास शिकविलें असावें, असें माझें मत आहे.

आणि त्याच १८६७ सालच्या जुलैंत, ऐन पावसाळ्यांत, आपल्या बोरघाटांतला एक मोठा दगडी पूल कोसळला. मग तपासणी सुरू झाली, आणि कंपनीच्या मार्गावरील कितीतरी पुलांचें बांधकाम हलक्या प्रतीचें असल्याचें उघडकीस आलें. १८६३ मध्यें उद्घाटनास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर आले, त्या दिवशीं कोणाही इंजिनिअरानें त्या पुलास उत्तम दाखला दिला असता, आणि तो खोटेपणानें नव्हे. दर्शनी दगड घडीव दिसत होते; आंतल्या भरावाची परीक्षा व्हावयास पांचवा पावसाळा उजाडावा लागला.