रहीमसाहेब : शाळेच्या वर्गातून ऑलिंपिकच्या मैदानावर

भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ म्हणून १९५१ ते १९६२ ही वर्षे ओळखली जातात. या काळात भारताने आशियाई स्पर्धेत दोनदा सुवर्णपदक जिंकले आणि ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवले. तिन्ही वेळी संघाची सूत्रे हैदराबादच्या एका शाळामास्तराच्या हाती होती. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

१९०९ साली हैदराबादेत जन्मलेल्या रहीमसाहेबांनी उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेतली आणि शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट येथील शाळांत त्यांनी शिकवले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन ते मुलांच्या खेळाकडे वळले. १९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद त्यांच्याकडे आले, ते अखेरपर्यंत राहिले.

त्यांची शिकवण्याची रीत मुळात शाळेचीच होती. कच्चा विषय घोटून घ्यायचा, हा मास्तरांचा जुना शिरस्ता. रहीमसाहेबांनी कमजोर पायानेच चेंडू मारण्याच्या स्पर्धा भरवल्या. चेंडू पायाशी घोळवत बसायचे नाही, एका स्पर्शात सोबत्याकडे द्यायचा, अशा अटीचे सामनेही त्यांनी खेळवले. एकट्याच्या करामतीपेक्षा अकरा जणांची एकजूट मोठी, हा त्यामागचा धडा.

या तालमीला इतिहासाची पार्श्वभूमी आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाचे राज्य संपले. मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. त्या दिवसांची होरपळ आपल्या अनेक घरांत आजही हलक्या आवाजात सांगितली जाते. मुसलमानांच्या निष्ठेवर उघड शंका घेतली जात होती. अशा वेळी १९५० मध्ये रहीमसाहेब हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. मार्च १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्याच भारतीय संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवले. शंकेला रहीमसाहेबांनी भाषणाने नव्हे, कामाने उत्तर दिले.

अपयशही वाट्याला आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी मेलबर्नला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने नमवले. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू.

१९६२ मध्ये जकार्ताला संघ गेला तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० ने जिंकला. पुढे बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. मास्तरांनी त्यांना बाकावर न बसवता आघाडीला पाठवले. अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होता. यजमान देशाशी वाद चिघळल्यामुळे प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारत २-१ ने जिंकला. चुनी गोस्वामींच्या त्या संघात हैदराबादचे मुसलमान, बंगालचे हिंदू, पंजाबचे शीख, दक्षिणेचे ख्रिस्ती असे सारेच होते. आशियाई फुटबॉलचे सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेले नाही.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेबांचे निधन झाले. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ मध्ये. २०२४ साली 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा नव्या पिढीतल्या अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले.

आपल्या समाजात शिक्षणाची चर्चा डॉक्टर-इंजिनिअरच्या जागांपाशी थांबते. खेळाच्या तासाला ती रिकामटेकड्यांचा वेळ समजते. त्याच तासातून एका मास्तराने देश घडवण्याचे काम केले. आपल्या उर्दू आणि मराठी शाळांच्या मैदानांवर आजही मुले अनवाणी धावत आहेत. त्यांना गरज आहे ती कमजोर पाय ओळखणाऱ्या मास्तराची.