सदाफुली आणि सेमाडोहची वाट

परतवाडा सोडून धारणीच्या रस्त्याला लागले की घाटाची वळणे सुरू होतात. सागाच्या रानातून ती वळणे घेत आपण सिपना नदीकाठच्या सेमाडोहला पोहोचतो. मेळघाटातील हे गाव पर्यटकांना वाघांच्या ओढीने ठाऊक झाले आहे. आम्हांला मात्र तेथे उभे राहून एक वेगळाच प्रश्न विचारावयाचा आहे. या गावातील एखाद्या लेकराला रक्ताचा कर्करोग झाला, तर ते जगेल काय? गेल्या पाऊणशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर पार पालटले आहे आणि ते पालटण्यास आपल्या महाराष्ट्राचाही हातभार लागला आहे.

मुलांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे प्रमाण सर्वांत अधिक असते. या आजारात हाडांतील मगजात अपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते व निरोगी रक्तपेशींना जागाच उरत नाही. मूल फिकट पडते, ताप हटत नाही, हाडे दुखतात, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे डाग उमटतात. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्याने 1847 साली ल्युकेमिया हे नाव रूढ केले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे वैद्यांपाशी आजाराचे नाव होते, औषध मात्र नव्हते. निदान झाले की बहुतेक मुले काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जग सोडीत.

औषधाच्या शोधाचा एक धागा मुंबईच्या गिरणगावातून जातो. 1928 साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या पंडुरोगाचा तिने अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्यांचे रक्त सुधारते, हे तिने 1931 साली जगापुढे मांडले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. रक्त वाढविणारे हे द्रव्य ल्युकेमियाच्या पेशींचेही पोषण करते, असे बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांच्या ध्यानात आले. मग या पोषणाचीच वाट अडविली तर? यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र तेव्हा अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन करीत होते. त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिडची वाट अडविणारे अमिनोप्टेरिन हे द्रव्य घडविले. फार्बर यांनी ते सोळा मुलांना दिले. त्यांतील दहा मुलांचा आजार काही काळ ओसरला. 1948 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आजार पुन्हा उलटला, मुले वाचली नाहीत. पण बंद दार किलकिले झाले. त्याच वर्षी सुब्बाराव निवर्तले.

पुढे एकेक औषध हाती येत गेले. आपल्या अंगणात, चर्चच्या आवारात, दफनभूमीच्या कडेला बारमाही फुलणारी सदाफुली आपण सर्वजण पाहतो. तिच्यापासून मिळणारे व्हिंक्रिस्टिन 1963 पासून वापरात आले. मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी एकाच औषधावर विसंबून न राहता अनेक औषधे एकत्र व टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत घातली. मेंदूत दडून बसणाऱ्या पेशींवरही त्यांनी उपचार केले. 1970 च्या सुमारास त्यांच्याकडील निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली.

आपल्या देशात हे यश यावयास उशीर लागला. परळचे टाटा रुग्णालय 1941 साली उघडले, तरी 1980 च्या आसपासही आपल्याकडे पाच मुलांतले जेमतेम एखादे वाचे. 1984 साली टाटा रुग्णालय व अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांच्या सहकार्याने भारतीय परिस्थितीस मानवेल अशी उपचारपद्धती आखण्यात आली. बालपणी पोलिओ झालेले व चाकाच्या खुर्चीतून रुग्णसेवा करणारे डॉ. सुरेश अडवाणी यांचा त्यात मोठा वाटा होता. चेन्नई व दिल्ली येथेही ही पद्धत राबविली गेली आणि आजारमुक्त राहणाऱ्या रुग्णांचे प्रमाण चाळीस ते साठ टक्क्यांपर्यंत चढले. आज संपन्न देशांत शंभरातील सुमारे नव्वद मुले निदानानंतर पाच वर्षांनीही हयात असतात. प्रौढांत हे प्रमाण बरेच कमी आहे. आजार उलटलेल्या काही रुग्णांसाठी मुंबईच्या आय.आय.टी. व टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने घडलेल्या पेशी-उपचारास ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली.

परंतु वाचकहो, हे यश उपचार पूर्ण करण्यावर अवलंबून आहे. हा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिले काही महिने रुग्णालयाच्या जवळ राहावे लागते. पुढे रोजच्या गोळ्या, ठरलेल्या तपासण्या आणि ताप येताच करावयाची धावपळ असते. सेमाडोहहून परतवाडा, तेथून अमरावती, मग नागपूर किंवा थेट मुंबई. मजुरी बुडते, घरची इतर लेकरे मागे राहतात, शहराची भाषा परकी वाटते. शिवाय कुपोषण आणि मलेरिया ज्या रानात नेहमीचे, तेथे फिकटपणा व ताप पाहून कर्करोगाची शंका येण्यास वेळ लागतो. पहिल्या महिन्यात आजार ओसरतो, मूल खेळू लागते. आईबापांना वाटते, बरे झाले. ते गावी परततात, औषध थांबते आणि दडलेला आजार पुन्हा डोके वर काढतो. ज्या मुलाला औषधाने वाचविले असते, ते वाट न परवडल्याने जाते.

2012 साली राज्य शासनाची जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या त्या योजनेमुळे उपचारांच्या खर्चाचा भार हलका होतो. पण रुग्णालयाबाहेर राहावयाचे कोठे? येथे आम्हांला वऱ्हाडच्याच एका सुपुत्राची आठवण होते. मेळघाटच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी परगावी आलेल्या गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने मुंबईच्या दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातलग आसऱ्यास असतात. औषधाने जे आरंभिले, ते अशा छपराने आणि भाकरीने पुरे होते.

तेव्हा सेमाडोहच्या लेकराचे काय, या प्रश्नाचे उत्तर आता केवळ वैद्यांच्या हाती उरलेले नाही. हटत नसलेला ताप व अंगावरचे निळे डाग पाहून रक्त तपासून घ्या असे सांगणारा शेजारी, एसटीच्या भाड्याची सोय करणारा गावकरी, शहरात महिनाभर खोली देणारे एखादे कुटुंब, अर्ज लिहून देणारा शिक्षक, गावी परतलेल्या आईला पुढची तारीख स्मरून देणारी आरोग्यसेविका, या सर्वांचा त्या उत्तरात वाटा आहे. सदाफुली तर सेमाडोहच्या अंगणातही फुलू शकते. तिचे औषध त्या अंगणातील लेकरापर्यंत पोहोचविणे आणि उपचाराच्या अखेरच्या दिवसापर्यंत पोहोचवीत राहणे, हे मात्र माणसांचेच काम आहे.