महामारीतील प्रतिबंधपर चित्रफिती आणि सल्ल्याची तारीख : एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

रोगप्रतिबंधाचा सल्ला हा तत्कालीन ज्ञानावर आधारित असतो. म्हणून त्याचे मूल्यमापनही त्या काळाच्या संदर्भातच व्हावयास हवे. प्रस्तुत लेखात कोविड-१९ च्या साथीतील यूट्यूबवरील चित्रफितींचा या दृष्टीने विचार केला आहे.

विवेचन

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ला महामारी म्हणून संबोधले. २८ मार्च रोजी तिने हा रोग हवेतून पसरत नसल्याचे ठामपणे सांगितले. निरोगी व्यक्तीस मास्कची आवश्यकता नाही, अशीच तेव्हा तिची भूमिका होती. भारतात मात्र एप्रिल २०२० च्या प्रारंभी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरगुती मास्क वापरण्याचा सल्ला दिला आणि मुंबई महानगरपालिकेने ८ एप्रिल रोजी सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला. संघटनेने आपली भूमिका ५ जून २०२० रोजी बदलली. हवेतून होणारा संसर्ग तिने २०२१ मध्ये मान्य केला. म्हणजेच सुमारे दोन महिने मुंबईतील प्रेक्षकास परस्परविरोधी, तरीही अधिकृत असे दोन सल्ले उपलब्ध होते.

मे २०२० मध्ये यूट्यूबने या संघटनेच्या वा स्थानिक आरोग्य यंत्रणांच्या माहितीशी विसंगत मजकुरास मनाई केली. परंतु ही प्रमाणभूत माहितीच बदलत होती. शिवाय यूट्यूबवर चित्रफितीची तारीख दिसत असली, तरी व्हॉट्सअॅपवरून पुढे गेलेल्या प्रतीत ती उरत नसे. जुना सल्ला अशा रीतीने नव्यासारखा फिरत राहिला.

ज्ञान बदलण्याचा हा अनुभव नवा नव्हता. १८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये घरांचे निर्जंतुकीकरण व रुग्णांचे विलगीकरण यांवर भर होता. उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. तथापि त्या काळातील आदेश कागदावर तारखेसह उरले आहेत. त्यामुळे अज्ञान कोणते आणि दिशाभूल कोणती, हे अभ्यासकास ठरविता येते.

निष्कर्ष

मार्च २०२० मधील चित्रफितीस आजच्या ज्ञानाच्या आधारे 'चुकीची' ठरविणे अनैतिहासिक होय. तिच तारीख लपवून पुढे पाठविणे मात्र निश्चितच घातक होते. म्हणून अशा साधनांचे जतन करताना निर्मितीची तारीख व तेव्हाचा अधिकृत सल्ला या दोहोंची नोंद आवश्यक आहे. महाविद्यालयीन ग्रंथालये हे कार्य करू शकतील.