खेळाचा उंबरठा

इ. स. १९७१ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाजवळच्या एका मद्यगृहांत नाणें टाकून खेळावयाचें एक नवें यंत्र मांडण्यांत आलें. पडद्यावर एक अग्निबाण आणि दोन उडत्या तबकड्या, त्यांचें युद्ध. नांव 'कॉम्प्युटर स्पेस'. नोलन बुशनेल व टेड डॅब्नी यांनीं तें 'स्पेसवॉर' या खेळावरून बनविलें होतें, आणि 'स्पेसवॉर' हा १९६२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेंतील बुद्धिमान् तरुणांनीं मोठ्या गणकयंत्रावर रचिलेला. विद्यार्थ्यांना यंत्र आवडलें. परंतु तेंच यंत्र कामकरी वर्गाच्या मद्यगृहांत गेलें, तेव्हां तिकडे फारसें कोणी फिरकेना. डावीकडे वळणें, उजवीकडे वळणें, रेटा देणें व गोळी झाडणें यांसाठीं चार बटणें. शिवाय रेटा थांबविला तरी बाण आपला वाहतच राहावयाचा. दिवसभर राबून आलेल्या माणसानें आधीं सूचनांचा फलक वाचावा, मग परीक्षेस बसावें, आणि वर त्याबद्दल पैसेहि मोजावे, अशी ती योजना होती!

यांतून 'खेळ सोपे करा' एवढाच बोध घेतला असता, तर आज ज्यांना व्हिडिओ गेम म्हणतात त्यांचा इतिहास फार लवकर आटोपला असता. १९७२ सालीं या जोडीनें अटारी कंपनी काढली व अॅलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याकडून 'पाँग' करवून घेतला. दोन फळ्या, एक चेंडू, प्रत्येकाच्या हातीं फिरविण्याची एक मूठ. सनीव्हेल येथील मद्यगृहांतलें पहिलें यंत्र लौकरच बंद पडलें. अल्कॉर्न दुरुस्तीस गेला, तों नाण्यांची पेटी भरून वाहत होती. ही कथा सर्वतोमुखीं आहे. यंत्राच्या पोटांत काय होतें तें मात्र क्वचितच सांगितलें जातें. फळीचे आठ भाग कल्पिलेले होते; चेंडू मध्यावर लागला तर सरळ परते, टोंकाकडे लागला तर तिरका जाई. फटके वाढत तसा त्याचा वेगहि वाढे. एका उणीवेमुळें फळी पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत पोंचत नसे. अल्कॉर्ननें ती उणीव बुद्ध्याच राहूं दिली, कारण एरवीं दोन निष्णात खेळाडूंचा डाव संपलाच नसता. उंबरठा सखल झाला, माजघर होतें तेवढेंच खोल राहिलें.

१९८० सालीं जपानांत तोरू इवातानी यानें नामको कंपनीसाठीं 'पॅक-मॅन' रचिला. तेव्हांचीं खेळघरें पुरुषांनीं भरलेलीं व खेळ बहुतेक गोळागोळीचे. तेथें स्त्रियांनीं व जोडप्यांनीं यावें, म्हणून त्यानें खाण्याचा विषय घेतला. (स्त्रिया म्हटल्या कीं खाद्यपदार्थ, हा तर्क कोणास हास्यास्पद वाटेल, पण त्यांतून निपजलेला खेळ हास्यास्पद नव्हता.) बटण एकहि नाहीं, एक दांडा पुरे. परंतु पाठलाग करणारीं चार भुतें चार स्वभावांचीं: तांबडें पाठीस लागतें, गुलाबी पुढची वाट अडवूं पाहतें, निळें तांबड्याच्या जागेवरून आपला रोख ठरवितें, नारिंगी जवळ आलें कीं मागें फिरतें. मधूनमधून तीं पाठलाग सोडून कोपऱ्यांकडे वळतात. नवख्याला तेवढा श्वास मिळतो. जाणता त्याच क्षणांवर आपला व्यूह बेततो. एकाच युक्तीनें दोघांची सोय व्हावी, यांतच रचनाकाराचें खरें कसब.

शिगेरू मियामोतो व त्याचे सहकारी यांचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ सालीं आला. त्याच्या आरंभीं उपदेश असा मुळीच नाहीं. नायक डाव्या बाजूस उभा, उजवीकडे मोकळी जागा. अर्थात् जावयाचें तिकडे. एक रागीट प्राणी चालत येतो. त्याला धडकून मेलें तरी गमावलें जातें तें चार पावलांचें अंतर. पुढें विटेंतून एक अळंबें निघतें, नळावर आपटून उलट फिरतें, आणि नवखा घाबरून उडी मारतो तर डोकें वरच्या विटांवर आपटून तें बहुधा त्याच्या अंगावर येतेंच. तेव्हां नायक मरत नाहीं, मोठा होतो. शेवटाकडे समोरासमोर पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिलीच्या मध्यें जमीन आहे, दुसरीच्या मध्यें खड्डा. उडी तीच, चूक मात्र आतां महाग.

असें असूनहि नवख्याची टवाळी करण्याची रीत पुष्कळ दिवस चालली. १९९२ च्या 'वुल्फेन्स्टाइन ३डी' मध्यें सर्वांत सोपी पायरी निवडणाऱ्यास नायकाच्या डोक्यावर बाळाचें टोपडें व तोंडांत चोखणी दाखवीत. निन्टेन्डोनें २००६ सालीं हातांत धरून हालविण्याच्या दांडीचें 'वी' यंत्र काढलें, त्याचे दहा कोटींहून अधिक नग खपले, आणि अस्सल खेळाडूंनीं नाकें मुरडलीं. त्यांची भीति सर्वस्वी खोटी नव्हती. ज्यांत शिकण्यासारखें कांहींच नाहीं असे खेळहि त्या लाटेंत बरेच निघाले. तीच कंपनी २००९ सालीं दुसऱ्या वाटेनें गेली: नव्या 'मारिओ'त आठदां हरलेल्यास एक हिरवी वीट दिसे, तिला धडक दिली कीं लुइजी तो टप्पा खेळून दाखवी, आणि वाटेल त्या क्षणीं सूत्रें आपल्या हातीं घेतां येत.

२०१८ सालच्या 'सेलेस्ट'मध्यें मॅडी थॉर्सन व सहकाऱ्यांनीं पर्वतारोहणाचा अतिशय कठीण खेळ रचिला व त्यांतील एकहि कडा कापला नाहीं. ज्याला हवें त्यानें खेळाचा वेग निम्म्यापर्यंत उतरवावा, दम न संपेलसा करावा, इजाच होऊं नये अशीहि सोय करून घ्यावी. एवढें सर्व घेणाऱ्यालाहि शिखराची वाट व कथेचा शेवट खुलाच असतो.