फोनवर रेकॉर्ड केलेला नाशिक ढोल फाटका का वाजतो? ऑडॅसिटीत तो कसा सावरायचा आणि शून्यातून कसा बनवायचा

विसर्जन मिरवणूक वाकडी बारवेजवळून निघाली की शेकडो फोन वर जातात. समोर उभं असताना पोटात घुमणारा ढोल घरी येऊन ऐकला, की कोणीतरी पत्र्याच्या डब्यावर काठ्या मारतंय असं वाटतं. ताशा तर मधूनमधून गायबच असतो. फोन स्वस्तातला म्हणून असं होतं असा बऱ्याच जणांचा समज आहे, पण महागड्या फोनवरही थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं. खरं कारण वेगळं आहे. फोनमधलं रेकॉर्डिंग आणि बरीचशी 'आवाज स्वच्छ करणारी' टूल्स माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. त्यांच्या हिशेबात नाशिक ढोलाचा जवळजवळ निम्मा आवाज कचरा असतो.

हे एकदा समजलं की एडिटिंगही सोपं जातं आणि कॉम्प्युटरवर ढोल नव्याने तयार करणंही. दोन्हीसाठी मी ऑडॅसिटी वापरतो. हे मोफत आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याची सुरुवात केली आणि २००० मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. २०२१ पासून ते म्यूझ ग्रुप या कंपनीकडे आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, साध्या लॅपटॉपवरही अडत नाही. खाली दिलेली मेनूची नावं इंग्रजी इंटरफेसमधली आहेत. आवृत्तीनुसार त्यांची जागा थोडी इकडेतिकडे होऊ शकते.

ढोलाच्या आवाजात असतं काय?

नाशिक ढोल कमरेला बांधतात. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला हाताची थाप. काठीचा एक ठोका घेऊन तो कॉम्प्युटरवर ताणून बघितला तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. पहिले काही मिलिसेकंद नुसती 'टक' असते. त्यात कुठलाच ठरावीक सूर नसतो, सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र मिसळलेल्या असतात. त्यामागून येतो तो खालचा घुमारा, जो हळूहळू विरत जातो.

आता या घुमाऱ्याची एक गंमत आहे. तार छेडली की १०० हर्ट्झच्या जोडीला २००, ३००, ४०० असे नेमक्या पटीतले सूर निघतात, म्हणून ती सुरेल वाटते. गोल ताणलेल्या पानाचं तसं नसतं. आदर्श पानातून निघणारे सूर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे येतात. तबला आणि मृदंगाच्या शाईमुळे हे सूर पुन्हा पटीत बसतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० मध्ये 'नेचर'मध्ये याच विषयावर लिहिलं होतं. म्हणून तबला सुरात लावता येतो. ढोलाकडून सुराची अपेक्षाच नसते, त्याचं काम दम भरण्याचं.

ताशा याहून टोकाचा. उथळ भांडं, घट्ट ताणलेलं पान, दोन बारीक काड्या. ताशाची तर्री सुरू असताना स्पेक्ट्रोग्राम बघितला तर वरच्या पट्ट्यात सगळीकडे सारखा धुरळा पसरलेला दिसतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत अशा आवाजाला 'नॉइज' म्हणतात. इथे नॉइज म्हणजे नकोसा गोंगाट नाही, तर ज्याला ठरावीक सूर नाही असा आवाज. पण नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरला हा फरक कोण सांगणार? त्याच्यासाठी पंख्याची घरघर आणि ताशाची तर्री साधारण एकाच जातीची.

रेकॉर्ड करतानाच वाचवा

बरंचसं नुकसान रेकॉर्डिंगच्या वेळीच होतं आणि ते नंतर भरून येत नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

फोनमध्ये आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा असते. ढोलाचा मोठा ठोका आला की ती सगळा आवाज खाली ओढते आणि मग सावकाश वर आणते. मधल्या वेळात वाजलेला ताशा दबतो. ताशा गायब होण्याचं हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे बोलणं स्पष्ट यावं म्हणून चालू असलेलं नॉइज सप्रेशन. त्यामुळे या दोन्ही गोष्टी बंद करता येतील आणि गेन हाताने ठरवता येईल असं रेकॉर्डिंग ॲप घ्या. फॉरमॅट वेव्ह, सॅम्पल रेट ४८,००० ठेवा. सर्वात मोठा ठोका मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतका गेन पुरे. आवाज कमी आला तर नंतर वाढवता येतो, फाटला तर शिवता येत नाही.

गेन कमी करूनही आवाज फाटतोय? मग माइकची स्वतःची मर्यादा ओलांडली जातेय. तिथे सेटिंगचा उपयोग नाही, मागे सरका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मेन रोडसारख्या दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या रस्त्यावर भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे तिथे तेवढा उतरत नाही. अशा ठिकाणी पहिल्या मजल्याची गॅलरी मिळाली तर सोन्याहून पिवळं. गोदाघाटावर मोकळी जागा जास्त, तिथलं रेकॉर्डिंग कोरडं आणि एडिटिंगला सोपं येतं. मला स्वतःला गल्लीतला घुमणारा ढोल जास्त आवडतो, पण तो घुमारा नंतर वेगळा काढता येत नाही हे लक्षात ठेवून रेकॉर्ड करा.

स्टिरिओ १६ बिट, ४४,१०० सॅम्पल रेटची वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते. फाइल लॅपटॉपवर केबलने घ्या. व्हॉट्सॲपने पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबली जाते. फोनने एम४ए फाइल बनवली असेल आणि विंडोजवर ऑडॅसिटी ती उघडत नसेल, तर एफएफएमपेग नावाची जोड लायब्ररी टाकावी लागते.

फाटलेला आवाज किती शिवता येतो?

१६ बिट फाइलमध्ये प्रत्येक सॅम्पल म्हणजे उणे ३२,७६८ ते ३२,७६७ मधला एक आकडा. ठोका एवढा मोठा आला की आकडा ५०,००० व्हायला हवा होता, तरी फाइलमध्ये ३२,७६७ च लिहिला जातो. डोंगराचा माथा कापून सपाट केल्यासारखी लाट दिसते. यालाच क्लिपिंग म्हणतात. व्ह्यू मेनूमध्ये 'शो क्लिपिंग' चालू केलं की अशा जागी लाल रेघा दिसतात.

त्यावर 'क्लिप फिक्स' नावाचा इफेक्ट आहे. तो कापलेल्या माथ्याच्या दोन्ही बाजूंचा उतार बघून वरचा भाग कसा असेल याचा अंदाज बांधतो आणि नव्या माथ्याला जागा मिळावी म्हणून एकूण आवाज खाली आणतो. पाच-दहा सॅम्पल गेले असतील तर फरक छान जाणवतो. पण १० मिलिसेकंद सलग सपाट असेल, म्हणजे ४८,००० च्या हिशेबाने ४८० सॅम्पल गेले असतील, तर तो फक्त कल्पनाचित्र काढतो. त्यातून मूळ ढोल परत येत नाही. आणखी एक गोष्ट. आवाज फाटलेला ऐकू येतोय पण लाल रेघ एकही नाही, असंही होतं. माइकमध्येच आवाज फाटला किंवा फाटल्यानंतर कोणी व्हॉल्यूम कमी केला, तर सपाट माथे मर्यादेच्या खाली राहतात आणि टूलला ते सापडत नाहीत. म्हणून रेघांपेक्षा कानावर विश्वास ठेवा.

आता नॉइज रिडक्शन. ताशा मारला जातो तो इथेच. हा इफेक्ट दोन टप्प्यांत चालतो: आधी नुसता नॉइज असलेला तुकडा निवडून त्याचा नमुना द्यायचा, मग पूर्ण ट्रॅकवर लावायचा. नमुना पथक वाजायला लागण्याआधीच्या शांततेतलाच घ्या, जिथे फक्त गाड्या आणि जनरेटरचा आवाज आहे. वादन चालू असतानाचा तुकडा दिलात तर ताशाच कचरा म्हणून नोंदला जाईल. रिडक्शन ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. त्याच खिडकीत 'रेसिड्यू' नावाचा पर्याय आहे, तो निवडला की सॉफ्टवेअर नेमकं काय काढून टाकणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात ताशा ऐकू आला तर आकडा आणखी कमी करा. हे बटण फार कमी लोक दाबतात.

वाऱ्याची भकभक असेल तर ३० ते ४० हर्ट्झला हाय-पास फिल्टर लावला की पुरतं.

शून्यातून ढोल

सिंथेसिस म्हणजे कुठलंही रेकॉर्डिंग न घेता आकडेमोडीतून आवाज तयार करणं. ऑडॅसिटीच्या जनरेट मेनूमध्ये 'रिसे ड्रम' म्हणून एक पर्याय आहे. जाँ-क्लोद रिसे हे फ्रेंच संगीतकार आणि भौतिकशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करताना त्यांनी १९६९ मध्ये कॉम्प्युटरवर आवाज बनवण्याच्या कृतींचा कॅटलॉग तयार केला, आणि ड्रमची ही रीत त्यांचीच. खिडकीतल्या रकान्यांकडे बघा: मूळ फ्रिक्वेन्सी, आवाज विरायला लागणारा वेळ, नॉइजच्या पट्ट्याचा मध्य, पट्ट्याची रुंदी आणि मिश्रणात नॉइज किती टक्के. वर सांगितलेले 'टक' आणि घुमारा इथे वेगवेगळ्या रकान्यांत बसलेत.

स्वतःच्या रेकॉर्डिंगमधला ढोलाचा एक सुटा ठोका निवडा, ॲनलाइझ मेनूतून 'प्लॉट स्पेक्ट्रम' करा आणि डावीकडचा सर्वात उंच सुळका कितीवर आहे ते वाचा. समजा ८० हर्ट्झ आला. तो मूळ फ्रिक्वेन्सीत टाका, विरण्याचा वेळ १ सेकंदाच्या आत ठेवा आणि नॉइज वाढवत न्या. ही सोपी वाट झाली. हाताने करायचं असेल तर 'टोन'मधून ८०, १२७, १७१ आणि १८४ हर्ट्झचे चार साइन ट्रॅक बनवा. हे आकडे पानाच्या १.५९, २.१४, २.३० या पटींतून आलेत. वरचे ट्रॅक हळू ठेवा आणि लवकर फेड आउट करा. ढोलाला दोन पानं असतात आणि मधली हवा दोघांना जोडते, त्यामुळे खऱ्या ढोलाचे आकडे यापासून सरकलेले असणारच. तुमच्या स्पेक्ट्रममध्ये जे सुळके दिसतील ते वापरलेत तर उत्तम.

ताशासाठी 'नॉइज'मधून व्हाइट नॉइजचा ०.०५ सेकंदाचा तुकडा घ्या, त्याला फेड आउट द्या आणि १,००० हर्ट्झला हाय-पास लावा. एक काडी तयार. तीच कॉपी करून ओळीने चिकटवली की तर्री व्हायला हवी, पण होते मशीनगन. कारण माणसाचे दोन हात कधीच सारखे पडत नाहीत. एकाआड एक ठोका थोडा हळू करा, काही ठोके ५-१० मिलिसेकंद पुढेमागे सरकवा, आणि कान लगेच फसतो.

पथकाचंही तेच. बाजारात 'नाशिक ढोल' नावाने मिळणाऱ्या बऱ्याच लूपमध्ये एकच ढोल वीस वेळा चिकटवल्यासारखा वाटतो. तंतोतंत सारखे वीस ट्रॅक एकमेकांवर ठेवले तर गणिताने फक्त २६ डेसिबल आवाज वाढतो, पथक मोठं होत नाही. वीस ढोल म्हणजे वीस वेगळी पानं, वीस मनगटं आणि वीस ठिकाणं. प्रत्येक कॉपी ५ ते ३० मिलिसेकंद सरकवा, 'चेंज स्पीड'ने एक-दोन टक्के फरक करा, डावी-उजवी बाजू बदला. चार-पाच वेगळे ठोके रेकॉर्ड केलेले असतील तर आणखी चांगलं. नाशिक ढोल आज केरळपर्यंत याच नावाने वाजतो, आणि तिथल्या कोणाची ओळख फक्त या लूपशी झाली असेल तर ती अर्धीच म्हणायची.

याहून पुढे जायचं असेल तर एलएमएमएस आणि सर्ज एक्सटी ही दोन्ही मोफत आहेत. प्रोग्रामिंग येत असेल तर ऑडॅसिटीतच 'नायक्विस्ट प्रॉम्प्ट' आहे, त्यात कोड लिहून आवाज बनवता येतो. ती भाषाही डॅननबर्ग यांचीच.

रील टाकण्याआधी

हेडफोनवर दमदार वाटणारा ८० हर्ट्झचा घुमारा फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, कारण एवढासा स्पीकर तेवढी हवा ढकलू शकत नाही. उपाय म्हणजे ढोलाच्या ट्रॅकची एक कॉपी घेऊन तिला 'डिस्टॉर्शन' द्यायचं, मग ३०० हर्ट्झच्या खालचं कापायचं आणि मूळ ट्रॅकखाली अगदी हळू मिसळायचं. डिस्टॉर्शनमुळे वरच्या पटीतले सूर तयार होतात आणि ढोल निदान तिथे आहे हे कळतं. जास्त मिसळलंत तर पुन्हा पत्र्याचा डबा.

एक्सपोर्ट करताना सर्वात मोठा ठोका उणे १ डेसिबलवर ठेवा. एमपी थ्री करताना लाट थोडी वर उडते, तेवढी जागा लागते. शेअर करायला एमपी थ्री, पण मूळ वेव्ह फाइल हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या, एडिट नेहमी कॉपीवर. आणि पथकाचं वादन लूप म्हणून विकायचं किंवा गाण्यात वापरायचं असेल तर पथकप्रमुखांना आधी विचारा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार वादकांचाही त्यांच्या सादरीकरणावर हक्क असतो. परवानगी मिळाली की फाइलच्या नावातच पथक, ठिकाण आणि तारीख लिहून टाका, 'न्यू रेकॉर्डिंग २३' मधून पुढच्या वर्षी काहीही सापडत नाही.