तू बिश्वात: तिथी, दशमांश आणि उरूस

ज्यूंच्या वृक्षसणाचं नाव ‘तू बिश्वात’ मंत्रासारखं वाटतं, पण ती निव्वळ तिथी आहे: शेवात महिन्याची १५. हिब्रूत अक्षरंच आकड्यांचं काम करतात. पंधरासाठी ‘योद’ (१०) आणि ‘हे’ (५) लिहावं, तर ती अक्षरं ईश्वराच्या नावात येतात. म्हणून ‘तेत’ (९) आणि ‘वाव’ (६) घेतात, आणि त्यांचा जोडून उच्चार होतो ‘तू’. ‘शेवात’ हे महिन्याचं नाव बॅबिलोनहून आलेलं. दिवस पौर्णिमेचा, पौष-माघातला.

सणाचं मूळ हिशेबात आहे. मिश्ना या धर्मसंहितेत चार नववर्षं सांगितली आहेत, त्यांतलं एक झाडांचं. शम्माई या धर्मपंडिताच्या अनुयायांनी ते १ शेवातला धरलं, हिल्लेल या दुसऱ्या पंडिताच्या अनुयायांनी १५ला, आणि १५च रूढ झाली. आपला ३१ मार्च असतो, तशी ही फळांची वर्षअखेर. हे साल इतकं काटेकोर कशाला? कारण सात वर्षांच्या चक्रात तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी फळांचा एक दशमांश गरिबांना द्यावा लागे. त्याचं नाव ‘मासेर आनी’. ‘मासेर’ हा ‘एसेर’चा, म्हणजे दहाचा, सगोत्र आणि ‘आनी’ म्हणजे गरीब. डाळिंबं कोणत्या सालात मांडली, यावर गरिबाच्या पदरात काय पडणार ते ठरायचं. पर्यावरण आणि न्याय यांची सांगड आज या सणात घातली जाते. मला ती या तिथीच्या मुळातच दिसते.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी या दिवसाला ‘एलियाहू हन्नाबीचा’, म्हणजे एलिया प्रेषिताचा, ‘उरूस’ म्हटलं. अरबी ‘उर्स’ म्हणजे लग्न. दर्ग्यांच्या जत्रांमधून तो शब्द आपल्याकडे रुळला. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं ते वेगळं) या प्रेषिताच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात. त्या दर्शनाला या दिवशी लोक जातात आणि मलिदा होतो. फारसी ‘मालीदा’ म्हणजे चोळलेलं, मळलेलं. एरवी मलिदा म्हणजे कुस्करलेली गोड पोळी, इथे मात्र भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि भोवती फळं. ते खाण्याआधी झाडाच्या फळाची प्रार्थना निराळी, भुईच्या पिकाची निराळी. आणि केळं भुईच्या रांगेत बसतं, कारण केळीला लाकडाचं खोड नसतं. इतकी बारीक नजर मला फार मोलाची वाटते.

पर्यावरण आणि न्यायाची ती सांगड आज अशीही दिसते: १९८८मध्ये स्थापन झालेली ‘रॅबाइज फॉर ह्यूमन राइट्स’ ही इस्रायली संस्था तू बिश्वातच्या निमित्ताने पॅलेस्टिनी शेतकऱ्यांबरोबर जैतुनाची रोपं लावते. अरबीतलं ‘झैतून’ आणि हिब्रूतलं ‘झायित’ एकाच मुळाचे. या कामाला जुना आधार आहे तो ‘बाल तशखित’चा, म्हणजे ‘नासधूस करू नको’ या आज्ञेचा. बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तिचं मूळ आहे, आणि ते युद्धाच्या नियमांत आहे: नगराला कितीही दिवस वेढा पडो, तिथल्या फळझाडांना कुऱ्हाड लावायची नाही. झाडं शत्रूची असली, तरीही.